श्रावणात ठरवा, मार्चमध्ये करून बघा: आंब्याच्या शेडमधलं काम सगळ्यांना घेऊन सुधारताना

आंब्याच्या धंद्यात सुधारणेची मोठी अडचण अशी, की चूक दिसते एप्रिलमध्ये आणि ती निस्तरायला सवड मिळते ऑगस्टमध्ये. मध्ये पाऊस लागतो, बाहेरून आलेले गडी आपापल्या गावी जातात, शेडमधल्या बायका लावणीला लागतात, आणि एप्रिलमध्ये जे सगळ्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं ते कुणालाच नीट आठवत नाही. उरते ती मालकाची आठवण. पण हंगामात मालक निम्मा दिवस दलालाशी आणि गाडीवाल्याशी फोनवर बोलत असतो. शेडमध्ये काय चाललं होतं ते त्याने अर्धंच पाहिलेलं असतं.

देवगड तालुक्यात आमची बाग आहे आणि बागेला लागूनच पॅकिंगची शेड. हंगामात पंधरा-सोळा माणसं असतात: झाडावर चढणारे, क्रेट वाहणारे, निवड करून पेट्या भरणाऱ्या बायका, टेम्पोवाला आणि चलन लिहिणारा एक मुलगा. दर पावसाळ्यात एकत्र बसून कामातल्या एक-दोन गोष्टी बदलायच्या, असं आम्ही काही वर्षं करत आलो आहोत. काही बदल टिकले, काही पार फसले. फसले ते बहुतेक मी एकट्याने ठरवलेले होते. म्हणून खालची रीत सगळ्यांना घेऊन बसण्याची आहे. ती आंब्याच्या शेडसाठी लिहिली आहे, पण काजूचा कारखाना, मासळीचा धक्का, घरगुती निवास अशा हंगामी कामांना ती थोड्या फरकाने लागू पडेल.

हंगामात ठरवू नका, फक्त टिपून ठेवा

शेडच्या खांबाला दोरीने एक जाड वही बांधा आणि तिच्यासोबत पेन्सिल. चिकाने आणि घामाने भिजलेल्या हाताने पेन चालत नाही. काम अडलं की ज्याचं अडलं त्याने एक ओळ लिहायची: तारीख, कुठल्या बागेचा माल, काय अडलं. "क्रेट कमी पडले, अर्धा तास बसून." "गाडी सहाची, आली आठला." "पेटीची पट्टी फुटली, तीन पेट्या पुन्हा भरल्या." ज्याला लिहिता येत नाही त्याने चलनवाल्या मुलाला सांगायचं. एकच नियम: वहीत माणसाचं नाव यायचं नाही. एकदा कुणी दुसऱ्याचं नाव लिहिलं, की दुसऱ्या दिवसापासून वही कोरी राहते. हे आमच्याकडे पहिल्याच वर्षी झालं.

हंगाम चालू असताना त्या वहीवरून मोठे निर्णय घ्यायचे नाहीत. अपवाद एकच, जिवाला धोका असेल तेव्हाचा. शिडीची पायरी हलते आहे, फांदी किडलेली आहे, चढणाऱ्याच्या कमरेला दोर नाही, अशा गोष्टींना श्रावणाची वाट पाहायची नसते आणि बैठकही घ्यायची नसते. त्या त्याच दिवशी थांबवायच्या.

दुसरा आधार म्हणजे दलालाकडून येणाऱ्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या. बहुतेक बागायतदार पट्टीवरचा खालचा आकडा बघतात आणि ती खिळ्याला टोचून ठेवतात. तसं करू नका. प्रत्येक पट्टीच्या मागे लिहा, की हा माल कुठल्या तोडीचा, कुठल्या बागेचा आणि किती डझनाच्या किती पेट्या. एवढं लिहिलं तरच पुढे पट्टी काही सांगते. मात्र मार्चच्या पट्टीशी मेची पट्टी लावून बघू नका. आवक वाढली की भाव उतरतोच, त्यात तुमच्या शेडचा काही गुण-दोष नसतो. एकाच दिवशी गेलेल्या दोन बागांचा माल किंवा एकाच आठवड्यातल्या दोन तोडी, एवढीच तुलना कामाची.

तिसरी गोष्ट थोडी कष्टाची आहे, पण मला ती सगळ्यात मोलाची वाटते. हापूसमधला साका, म्हणजे आतला गर पांढरट आणि स्पंजासारखा होणं, बाहेरून दिसत नाही. फळ कापेपर्यंत ते देखणंच असतं. म्हणजे आपल्या कामातली एक मोठी खोट आपल्याला शेडमध्ये कधीच दिसत नाही, ती मुंबईच्या कुणाच्या तरी जेवणाच्या ताटात दिसते. म्हणून प्रत्येक तोडीतला एक डझन आंबा विकायचा नाही. तारीख आणि बाग लिहिलेली चिठ्ठी लावून तो वेगळ्या अढीत ठेवायचा, पिकल्यावर सगळ्यांसमोर कापायचा आणि बारापैकी किती चांगले, किती साक्याचे, किती देठाशी कुजलेले ते वहीत लिहायचं. कापलेला आंबा मग सगळ्यांनी खायचा. या एका सवयीमुळे आमच्या शेडमध्ये दुपारच्या उन्हात काढलेल्या आंब्यावर पहिल्यांदा मोकळी चर्चा झाली. काढलेलं फळ तापलेल्या जमिनीवर उन्हात पडून राहिलं तर साक्याचा धोका वाढतो, हे मी आधी चार वेळा सांगितलं होतं. कापलेल्या फोडीने ते एकदाच सांगितलं.

बैठक कधी घ्यायची आणि कुणाची

जूनमध्ये बसू नका. हंगामाचा शीण उतरलेला नसतो, हिशेब पुरे झालेले नसतात, आणि मजुरी बाकी असताना कुणी मोकळं बोलत नाही. जुलैत लावणी असते. गणपतीच्या आसपास तर विषयच नको, तेव्हा घराघरात चाकरमानी आलेले असतात. त्यानंतर भातकापणी येते. लावणी आटपल्यानंतर आणि गणपतीच्या आधी जो श्रावण मिळतो, तोच या कामाचा. हंगामातली आठवण अगदीच पुसलेली नसते आणि काही करून घ्यायला पुढे पाच-सहा महिने हातात असतात.

बोलवायचं कुणाला? ज्यांचे हात आंब्याला लागतात त्या सगळ्यांना. गावातली माणसं येतीलच. नेपाळहून राखणीला येणारे गडी तेव्हा गावी गेलेले असतील, तर त्यांच्याशी ते जाण्याआधी मेअखेरीस निवांत तासभर बोलून त्यांचं म्हणणं वहीत लिहून ठेवा. टेम्पोवाल्याला विसरू नका. माल कुठे थांबतो हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं, कारण थांबतो तो तोच. पेट्या बनवून देणारा सुतार तासभर आला तरी फायदा होतो.

बैठकीच्या दिवसाची हजेरी द्या. पूर्ण दिवसाची. याबद्दल माझं मत ठाम आहे. माणसाचं डोकं वापरायचं आणि त्याचे पैसे द्यायचे नाहीत, हे बरोबर नाही. फुकट बोलावलेली माणसं पाहुण्यासारखी बसतात आणि "बरा चाल्ला हा" म्हणून उठतात. हजेरी दिली की ते काम होतं. सकाळी घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ करा, चहा दोनदा फिरवा, आणि दुपारी दोनपर्यंत आटपा.

बायका पुरुषांसमोर बोलत नसतील तर पहिला तास त्यांना वेगळं बसवा. आमच्याकडे निवडीला बसणाऱ्या एक काकी तीन वर्षं गप्प होत्या. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आमका कोण इचारता?" त्याच काकींनी नंतर जे दाखवलं ते पुढे सांगतो. आणि मालकाने शेवटी बोलावं. तुम्ही आधी मत दिलंत की बाकीचे त्याच्याच आजूबाजूला बोलतात. वडीलधारे असतील तर त्यांनाही हे आदल्या दिवशी समजावून सांगा. बैठकीत अडवलंत तर त्यांना लागेल.

आंब्यामागून चालत जा

बैठकीची सुरुवात चर्चेने करू नका. शेडच्या रिकाम्या जमिनीवर खडूने आंब्याची वाट काढा. झाडापासून गाडीपर्यंत. जिथे फळ थांबतं तिथे चौकोन, जिथे हलतं तिथे रेघ. प्रत्येक चौकोनात रिकामा क्रेट किंवा पेटी ठेवा आणि त्या-त्या कामाच्या माणसाला तिथे उभं करा. मग एकाने हातात नारळ घ्यावा, आंबा समजून, आणि तो हातोहात पुढे जाऊ द्यावा. प्रत्येकाने आपल्याकडे नारळ आला की सांगायचं: मी याचं काय करतो, कशासाठी थांबतो, माझ्याकडून काय परत जातं.

आमच्या शेडची वाट अशी निघाली. झेल्यातून, म्हणजे आंबा उतरवायच्या जाळी लावलेल्या काठीतून, क्रेटमध्ये. क्रेट झाडाखालून बागेच्या कडेला. कडेवरून टेम्पोत. टेम्पोतून शेडच्या दारात. दारातून आत भिंतीशी. भिंतीशी ठेवलेला क्रेट निवडीच्या जागेवर. तिथे ओतायचा, कोवळा, डागी, फुटका बाजूला. मग आकाराप्रमाणे, म्हणजे वजनाप्रमाणे वेगळा. मग पुसून पेटीत. पेटी बांधून पुन्हा भिंतीशी. तिथून गाडीत.

नारळ भिंतीशी पोचला तेव्हा त्याच काकी म्हणाल्या, "दादा, क्रेट हयसर ठेवतास आणि मगे आमीच तो परत उचलून थयसर नेतंव." दारातून आलेला माल भिंतीशी रचायची पद्धत माझ्या आजोबांच्या वेळची, कारण तेव्हा निवड दारातच व्हायची. निवडीची जागा मागे गेली, रचायची जागा तिथेच राहिली. कुणी कधी विचारलंच नव्हतं.

हे किरकोळ वाटेल, म्हणून हिशेब करून बघा. समजा भर हंगामात दिवसाला २०० क्रेट येतात आणि एक क्रेट २० किलोचा. एक उचल जादा म्हणजे रोज ४,००० किलो, चार टन वजन विनाकारण उचलायचं. तेही बहुतेक बायकांनी, कमरेतून वाकून. शिवाय प्रत्येक उचलीला फळ फळावर आदळतं ते वेगळंच.

नारळ शेवटपर्यंत गेला की जमिनीवरच तीन आकडे लिहा. फळाला किती वेळा हात लागला. ते किती ठिकाणी थांबलं आणि प्रत्येक ठिकाणी साधारण किती वेळ. आणि काय-काय दुसऱ्यांदा करावं लागलं. मग हंगामातली खांबाची वही आणा आणि तिच्यातली एकेक ओळ मोठ्याने वाचून ज्या चौकोनाची असेल तिथे चिंचोका ठेवा. कुठल्या चौकोनात चिंचोक्यांचा ढीग झाला ते लहान मुलालाही दिसतं. फळ्यावर लिहून समजावण्यापेक्षा हे किती तरी सोपं आहे. पावसाचं पाणी शेडमध्ये येण्याआधी या चित्राचा फोटो काढून ठेवा.

कारण शोधताना माणसावर थांबू नका

एखाद्या गोष्टीचं कारण विचारलं की पहिलं उत्तर बहुतेक माणसाचं नाव असतं. "तो नीट काढत नाही." "ती बघत नाही." जपानमधल्या टोयोटा कंपनीत कारण शोधताना "का?" हा प्रश्न पाच वेळा विचारायची पद्धत रुजली. तिचा खरा उपयोग मला असा वाटतो, की ती आपल्याला नावाच्या पुढे न्यायला लावते. आमचं एक उदाहरण देतो.

पेटीत डागी फळं जास्त निघतात. का? सालीवर चीक ओघळलेला असतो, तिथे साल भाजल्यासारखी होते आणि पिकताना काळी पडते. चीक का ओघळला? देठ फळाशीच तुटला. का तुटला? देठासह कापण्याऐवजी फळ ओढून काढलं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला आमच्याकडे होता, देठासह आंबा काढता यावा म्हणूनच तो बनवलेला आहे. मग ओढून का काढलं? पातं बोथट झालं होतं. पातं बोथट का राहिलं? कारण धार लावणं हे कुणाचंच काम नव्हतं. ज्याच्या हातात झेला तो म्हणायचा मुकादम बघेल, मुकादम म्हणायचा ज्याचा झेला तो बघेल.

इथे पोचलो तेव्हा कुणावर राग धरायचं कारणच उरलं नाही. एक साधी व्यवस्था नव्हती, ती करायची होती.

सगळीच दुखणी अशी एका सरळ रेघेत सापडत नाहीत. तेव्हा माशाच्या काट्याचं चित्र काढा. काओरू इशिकावा या जपानी प्राध्यापकांनी हे चित्र कारखान्यांमध्ये रूढ केलं. आपल्याकडे ते कुणालाही समजावून सांगावं लागत नाही, बांगड्याचा काटा सगळ्यांनी बघितलेला आहे. डोक्याच्या जागी दुखणं लिहायचं, उदाहरणार्थ "गाडी रोज उशिरा निघते". मधला कणा काढायचा आणि त्याला काटे: माणसं, अवजारं, माल, जागा, रीत, हवामान. प्रत्येक काट्यावर आठवतील ती कारणं लिहायची. वीस-पंचवीस कारणं होतात. त्यातली निम्मी ऐकीव असतात, म्हणून प्रत्येकापुढे विचारा: हे कुणी स्वतः पाहिलं आहे? वहीत आहे? नसेल तर प्रश्नचिन्ह टाका आणि पुढच्या हंगामात बघायच्या यादीत घाला.

निवड: तीन-तीन काजूच्या बिया

आता सुधारणा सुचायला लागतात आणि त्या भरपूर असतात. आधी त्यांचे तीन ढीग करा. आपल्या हातातल्या आणि जवळजवळ बिनखर्ची. थोडे पैसे लागतील अशा. आणि आपल्या हातात नसलेल्या, जसं की रस्ता, वीज, बाजारातली हमाली. तिसऱ्या ढिगावर वेळ घालवू नका. तक्रार ऐकून घ्या, लिहून ठेवा, बाजूला सारा. नाहीतर अख्खी सकाळ महामार्गावरच्या खड्ड्यांत जाते.

पहिल्या दोन ढिगांतली प्रत्येक सूचना एका कागदावर चित्रासह लिहा, कागद ओळीने मांडा आणि प्रत्येकापुढे एक करवंटी ठेवा. प्रत्येकाला काजूच्या तीन बिया द्या. ज्याला जे पटेल त्या करवंटीत बी टाकायची, हवं तर तिन्ही एकाच. करवंट्या पडद्याआड ठेवा, म्हणजे कोण कुठे टाकतं ते दिसत नाही. मालकाने बी घ्यायची नाही. शेवटी ज्यात बिया जास्त त्या दोन सूचना घ्यायच्या.

दोनच. एका हंगामात चार-पाच बदल केले तर कशामुळे काय झालं ते कळत नाही, आणि भर एप्रिलमध्ये माणसं जुन्या वाटेला लागतात.

मालकाला वाटतं ती सूचना मागे पडली तर काय? आमच्याकडे मला वजनकाटा बदलायचा होता आणि बिया पडल्या त्या निवडीच्या जागी उंच मोठं टेबल करण्याला. मला टेबलाचा खर्च नको वाटत होता. पण विचारलं होतं, तर ऐकायला हवं होतं. टेबल केलं. बायका जमिनीवर बसून दिवसभर पुढे वाकत होत्या, त्या उभ्या राहून, मधूनमधून स्टुलावर टेकून काम करू लागल्या. पहिल्याच आठवड्यात डोळ्यांसमोर फरक पडला. कारण डागी फळ बसून बघण्यापेक्षा उजेडात, छातीच्या उंचीवर धरून बघितलं की लवकर दिसतं. वजनकाट्याने हे झालं नसतं.

मजुरीचा हिशेब बदलाच्या आड येत नाही ना?

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, मीही गाळला होता.

देठासह आंबा काढायचं ठरलं त्या वर्षी झेले आले, पाती आली, धार लावायला माणूस ठरला. तरी पंधरा दिवसांत सगळे पुन्हा ओढून काढायला लागले. मी चिडलो, दोघांना नको ते बोललो. नंतर मुकादमाने बाजूला घेऊन सांगितलं, की मजुरी क्रेटवर आहे. देठ सांभाळून काढायला वेळ जातो, म्हणजे दिवसाचे क्रेट कमी, म्हणजे पैसे कमी. मी त्यांच्याकडून सावकाश काम मागत होतो आणि पैसे घाईचे देत होतो. त्या दोघांची मी माफी मागितली. त्यांची चूक नव्हती.

म्हणून निवडलेल्या प्रत्येक बदलापुढे एक प्रश्न लिहा: हे केल्याने कुणाच्या खिशात रोज किती कमी किंवा जास्त पडेल? कुणाचं उत्पन्न कमी होत असेल तर तो बदल तसाच टिकणार नाही, मजुरीची रीत आधी बदलावी लागेल. आम्ही काढणीची मजुरी रोजावर आणली. क्रेट थोडे कमी आले, पण पहिल्या दर्जाची फळं वाढली आणि हिशेब जुळला. तुमच्या बागेत तो जुळेलच असं नाही, पण कागदावर आकडे मांडल्याशिवाय कळणारही नाही. तसंच वेळेचं. बदलामुळे कुणाला अर्धा तास जास्त थांबावं लागणार असेल आणि त्या बाईची शेवटची एसटी साडेसहाची असेल, तर तो बदल तिथेच संपला.

एका कागदावर, सणांच्या तारखांनी

योजना एका कागदात मावली पाहिजे. प्रत्येक बदलासाठी पाच ओळी: काय करायचं, कोण करणार, कधीपर्यंत, झालं हे कशावरून कळेल, आणि जमलं नाही तर काय. "कोण" या ओळीत एकाच माणसाचं नाव हवं. मदतीला चार असोत, पण विचारायचं एकालाच. "सगळ्यांनी मिळून" लिहिलेली कामं आमच्याकडे आजवर एकही पुरी झालेली नाहीत.

तारखांसाठी सण वापरा, ते आपल्याला पाठ असतात. टेबलाचं लाकूड दसऱ्यापर्यंत, टेबल तुळशीच्या लग्नापर्यंत, झेले आणि पाती मकर संक्रांतीपर्यंत, एकदा सगळ्यांनी रंगीत तालीम करायची ती शिमग्याआधी. मोहोर कधी येतो आणि पहिली तोड कधी मिळते ते हवामानावर असतं, म्हणून शेवटची तारीख तोडीच्या तारखेला चिकटवू नका. महिनाभर आधीची ठेवा.

"कशावरून कळेल" ही ओळ नीट लिहा. "काम सुधारेल" हे काही मोजता येत नाही. "निवडीला आलेल्या शंभर फळांत चिकाचे डाग असलेली किती" हे मोजता येतं. "शेवटची पेटी बांधून झाली ती वेळ" हीसुद्धा मोजता येते. दोनपेक्षा जास्त आकडे ठेवू नका, भर हंगामात कुणी लिहीत नाही.

पहिल्या तोडीत अर्धं जुनं, अर्धं नवं

पहिली तोड छोटी असते, भाव चांगला असतो, आणि माणसांवर ताण कमी असतो. बदल करून बघायची ती वेळ. पण सगळा माल नव्या रीतीने काढू नका. त्याच बागेतली, त्याच दिवशी, अर्धी झाडं जुन्या रीतीने आणि अर्धी नव्या रीतीने. नव्या रीतीच्या क्रेटला लाल चिंधी बांधा. निवडीच्या टेबलावर दोन्हींतली शंभर-शंभर फळं मोजा आणि खडूने काट्या मारा.

समजा पहिल्या दिवशी जुन्यात १४ डागी आणि नव्यात ८ निघाले. आनंद होईल, पण थांबा. उद्या उलटही येऊ शकतं, कारण झाड वेगळं, माणूस वेगळा, ऊन वेगळं. चार-पाच दिवस मोजा आणि मधेच माणसांची अदलाबदल करा, म्हणजे ज्याने जुन्या रीतीने काढलं त्याला नवी रीत द्या. पाचही दिवस फरक एकाच बाजूला दिसला तर मग सगळीकडे करा.

ठरवा, थोडं करून बघा, तपासा, मग पुढे न्या किंवा सोडून द्या: हे चक्र अमेरिकेतल्या वॉल्टर शूहार्ट यांच्या विचारातून आलं आणि एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० साली जपानमध्ये दिलेल्या व्याख्यानांपासून तिथल्या कारखान्यांत पसरत गेलं. कारखान्यात हे चक्र महिन्यात अनेकदा फिरवता येतं. आपल्याला वर्षातून एकदाच मिळतं. म्हणून "तपासा" या टप्प्यावर घाई केली तर पुरतं एक वर्ष वाया जातं.

हे आकडे कुणाला बोलायला वापरू नका. एकदा जरी "तुझ्या क्रेटमध्ये जास्त डाग" असं म्हणालात, की डाग लपवायला सुरुवात होते. डागी फळ पेटीच्या तळाशी जातं आणि वाशीच्या बाजारात निघतं.

बदल फसला तर तसं सगळ्यांसमोर सांगा आणि जुनी रीत परत आणा. ओढूनताणून पुढे रेटू नका. का फसला ते वहीत लिहा, पुढच्या श्रावणात तोच पहिला विषय.

रोजची दहा मिनिटं

हंगामात रोज सकाळी काम सुरू होण्याआधी चहाला सगळे जमतात. तेव्हा उभ्या उभ्या तीन गोष्टी बोला: काल काय अडलं, आज किती माल आहे, आज कुणाला काही वेगळं लागेल का. दहा मिनिटांच्या वर नको. फळ्यावर कालचे दोन आकडे लिहा.

दर वर्षी चार-पाच माणसं नवी असतात आणि काहींना मराठी वाचता येत नाही. त्यांच्यासाठी पाट्या लिहिण्यापेक्षा खरी फळं टांगा. एका फळीवर तीन आंबे: चौदा आणे (सोळापैकी चौदा, म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार झालेला, कोवळा आणि चिकाचा डाग पडलेला. दर तीन-चार दिवसांनी फळं बदला. देठ किती ठेवायचा ते दाखवायला त्याच लांबीची काडी फळीला बांधा. नव्या माणसाला पहिल्या दिवशी जुन्या माणसाच्या जोडीला द्या आणि त्या दिवशी त्या जोडीकडून कमी काम होणार हे धरूनच चाला.

दुसऱ्या धंद्यांना लावताना

काजूच्या कारखान्यात हीच वाट काढताना तुकडा कुठे पडतो ते शोधा. अख्ख्या काजूचा दर्जा एका पौंडात किती गर बसतात त्यावर ठरतो, ३२० नंबरचा म्हणजे पौंडात साधारण ३२०. गर फुटला की तो या मोजणीतूनच बाहेर जातो आणि तुकड्याच्या भावाने विकला जातो. म्हणून कापताना किती फुटले आणि सोलताना किती, हे दोन आकडे वेगळे ठेवा. एकत्र मोजलेत तर कापणारे आणि सोलणारे एकमेकांकडे बोट दाखवत राहतील. कापणाऱ्या बायकांच्या हातांना टरफलातल्या तेलाने फोड येतात, त्याचा उपाय मतदानाला ठेवायचा नाही, तो आधी करायचा. मासेमारीवाल्यांची बैठक जून-जुलैच्या बंदीत. होड्या वर ओढलेल्या असतात आणि खलाशी जाळी दुरुस्त करत एकत्र बसलेले असतात. बर्फ कुठे कमी पडतो आणि मासळी धक्क्यावर किती वेळ उघडी राहते, तिथून सुरुवात करा.

शेडच्या वहीसाठी एक शेवटची सूचना. मेअखेरीस ती खांबावरून सोडा, खडूच्या चित्राचे फोटो छापून तिच्यात घाला, पट्ट्यांचा गठ्ठा, योजनेचा कागद आणि करवंट्यांपुढचे कागद सोबत ठेवा, आणि सगळं जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून घरातल्या माळ्यावर टांगा. शेडमध्ये ठेवू नका, जुलैत बुरशी येते आणि वाळवी वही आतून खाते. पिशवीवर पुढच्या श्रावणातली बैठकीची तारीख लिहा आणि ती तारीख त्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाका, म्हणजे काकींना लावणीची गडबड त्याआधी आटपता येईल.